आक्कांच्या हनुवटीवरचा केस

पार्लरात येणारी प्रत्येक बाई मला एकच गोष्ट विचारते. ती डोळे मिटून खुर्चीत पडलेली असते, मी वरून दोरा चालवत असते आणि खालून प्रश्न येतो, "मनीषाताई, कपाळाला काय झालं होतं हो तुमच्या?" आता दोरा दातात धरलेला असताना मी काय डोंबल सांगणार! म्हणून म्हटलं, एकदाच बसावं आणि सगळं लिहून काढावं. ज्यांच्यावर अशी वेळ येईल, देव करो आणि न येवो, त्यांना तेवढाच आधार. आणि ज्या माणसांमुळं माझा उजवा डोळा आज जागेवर आहे, त्यांचं ऋण निदान शब्दांत तरी मांडून ठेवावं.

माझं पार्लर थेरगावात, डांगे चौकातून जरा आत. इमारत आक्कांची. पार्लर तळमजल्याला, आम्ही राहतो दुसऱ्या मजल्यावर आणि मधल्या मजल्यावर आक्का. त्या इथल्या जुन्या घरातल्या. आज इमारती उभ्या आहेत तिथं त्यांची ज्वारी असायची. आम्ही अहमदपूरकडून आलेलो. माझे मिस्टर बालाजी चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत आहेत. मुलगी ऋतू अकरावीला.

आक्का सत्तरीच्या पुढच्या. दुपारी जेवण झालं की खाली येऊन माझ्या सोफ्यावर बसायच्या, म्हणे एसीत डोकं शांत राहतं. खरं म्हणजे त्यांना कोण आलं, कोण गेलं हे बघायचं असायचं. त्यांच्या हनुवटीवर एक पांढरा केस आहे. एकच, पण चांगला वळणदार. माझ्यासारखीच्या डोळ्यांपुढं तो रोज दुपारभर असायचा, म्हणजे विचार करा. मी म्हणायचे, "आक्का, एका झटक्यात काढते, कळणारसुद्धा नाही." त्या म्हणायच्या, "ऱ्हाऊ दे गं. माज्यासंगट वर यील तो."

मला काही होत नाही

साथीची ती वर्षं गेली, पण बायकांच्या मनातली धास्ती गेली नाही. फेशियलला आलेली बाई जाता जाता विचारायची, "ताई, इम्युनिटीला काही आहे का हो?" आणि माझ्याकडं होतं! माझी मैत्रीण वैशाली वेलनेसची उत्पादनं विकायची. कोलॅजनची पावडर, पाण्यात टाकलं की फसफसणाऱ्या व्हिटॅमिन सीच्या गोळ्या, चेहरा उजळायच्या कॅप्सूल, तुळस-गुळवेलीचा अर्क. तिनं माझ्याकडं एक आख्खी मांडणी भरून दिली होती.

माझा एक नियम होता. जे गिऱ्हाइकाला द्यायचं, ते आधी आपण घ्यायचं. पावडर आली, आधी माझ्या पोटात. नवीन फेशियल आलं, आधी माझ्या तोंडावर. सकाळी चहाच्या आधी माझी ती फसफस सुरू व्हायची. बालाजी म्हणायचे, "एवढं तर आमच्या मशिनीला पण ऑइल लागत नाही." पण बरं का, घरात दोघं शिंकत असायचे आणि मी टुणटुणीत. मग काय, मी सगळ्यांना सांगत सुटायचे, मला काही होत नाही.

आता आठवलं की माझं मलाच हसू येतं.

सगळं खापर पीलवर

लग्नसराई तोंडावर आलेली. नवऱ्यामुलींची बुकिंगं लागलेली. त्यात एक नवीन पील आलं होतं. चेहऱ्याला लावायचं, वरची मेलेली कातडी निघते आणि खालून नितळ त्वचा येते. नियमाप्रमाणं आधी मी लावलं.

एक-दोन दिवसांत उजव्या कपाळाची आग व्हायला लागली. केसातून कंगवा फिरवला तर डोक्याची कातडी ठणकायची. उशीवर त्या कुशीला झोपता येईना. मग भुवईच्या वर बारीक पुरळ उठलं, दाटीवाटीनं. मी लगेच निकाल लावला. पील भाजलं!

झालं, सुरू केले माझे उपचार. बर्फ लावला. कोरफडीचा गर लावला. त्वचा तरुण करणारा लाल लाइटचा मास्क आहे माझ्याकडं, तो घालून पडून राहिले. मेडिकलमधून अॅलर्जीची ट्यूब आणली, तीही माझी मीच मागून. आणि कामावर उभी राहिले. केसांची बट काढली कपाळावर, की दिसायला नको.

एकदा भिंगाच्या दिव्याखाली नीट बघितलं. लाली कपाळाच्या बरोबर मध्यावर थांबलेली, जशी पट्टी ठेवून रेघ मारावी. डावीकडं एक फोड नाही. मनात आलं, अगं बाई, पील तर आख्ख्या तोंडाला लावलं होतं, मग अर्ध्यालाच कसं भाजलं? आणि उत्तरही माझ्याकडं तयार. ब्रश उजव्या हातात होता, उजवीकडं जास्त लागलं असेल! वीस वर्षं लोकांची कातडी बघणारी बाई मी. पण स्वतःच्याच तोंडाला पील लावलेलं, त्यामुळं पीलच्या पुढं माझी अक्कल जाईचना.

गेरू आला होता

त्या दुपारी पार्लरात तीन-चार बायका होत्या. उजव्या डोळ्याची पापणी सुजून जड झालेली, डोळ्यातून सारखं पाणी. मी रुमालानं टिपत एकीचं मेनिक्युअर करत होते. आक्का सोफ्यावर होत्या. त्यांनी हाक मारली, "मनीषा, हिकडं ये. ती बट काड बाजूला."

"काही नाही आक्का, पीलची रिअॅक्शन आहे."

"काड म्हणते न्हवं."

बट बाजूला केली. आक्कांनी माझी हनुवटी धरून तोंड उजेडाकडं फिरवलं. मग म्हणाल्या, "नागीण हाय ही."

पार्लरात एकदम कुजबुज. नागीण म्हटलं की आपल्याकडं दुसरं काही सुचतच नाही. तोंड-शेपूट भेटलं की माणूस जातो, हे लहानपणापासून ऐकलेलं. पण मला उलट हायसं वाटलं! कारण थेरगावात नागीण उतरवणारं माणूस कोण? आक्काच. आजूबाजूच्या गावांतून लोक त्यांच्याकडं यायचे. दूर्वा आणि तांदूळ वाटून लेप लावायच्या आणि भोवतीनं गेरूची रेघ ओढायच्या, म्हणजे नागीण पुढं सरकत नाही. सासूकडून आलेली विद्या. मी म्हटलं, "मग बरंच झालं की! करा लेप. तुम्ही घरातच आहात, मला काय चिंता?"

एक बाई पळत जाऊन कुंडीतल्या दूर्वा घेऊन आली. दुसरीनं शेजारच्या दुकानातून गेरू आणला. मी खुर्चीत मान मागं टाकून बसले, जशी माझी गिऱ्हाइकं बसतात. डोळे मिटले.

आक्का हलल्याच नाहीत.

"म्या न्हाई लावायची," त्या म्हणाल्या.

"अहो आक्का, तुमच्या हाताला यश आहे," एकजण म्हणाली.

"पाठीला आसंल, कमरंला आसंल, तर माज्या हाताला यश. मानंच्या वर आमच्या घरात कोन हात लावत न्हाई. सासूबाईंनी शब्द घेतला व्हता माज्याकडनं. डोळ्याची नागीण दवाखान्याची."

मला रागच आला. खरं सांगते. मी म्हटलं, "आक्का, उद्या दोन नवऱ्यामुली आहेत माझ्याकडं. तेवढं होऊ द्या, मग जाते दवाखान्यात."

आक्का उठून उभ्या राहिल्या. एरवी उठताना दहा वेळा आई गं म्हणणारी बाई, ताडकन उठली. "नवऱ्या जातील दुसरीकडं. त्यांला पार्लरं लई हायेत. तुला डोळं किती हायेत?"

मी खुर्चीतून उठले. आक्कांनी मुलाला फोन लावला, "विजू, गाडी काड. इस्त्रीचा शर्ट बिर्ट घालत बसू नको, हाय तसा ये." बालाजींची शिफ्ट चालू होती, लाइनवर मोबाइल नेता येत नाही. मी म्हटलं, त्यांना निरोप तरी लागू दे. तर म्हणाल्या, "तो चाकनच्या ट्राफिकमदनं कवा यायचा? आपुन म्होरं हू."

विजूदादांची ती उंच गाडी मी रोज दारात उभी बघायचे. कधीतरी बसायला मिळावं असं फार वाटायचं. बसले एकदाची, तर डोळ्याला पदर लावून! दिसलं काहीच नाही. आक्कांचा हात तेवढा माझ्या मनगटावर होता, पिंपरीपर्यंत.

आतला पाहुणा

मोठ्या दवाखान्यात डोळ्यांच्या डॉक्टर मॅडमनी बघितलं. त्यांनी आधी कपाळ नाही बघितलं, माझं नाक बघितलं. शेंड्यावर एक फोड आला होता, मला वाटलं होतं घामोळं. त्या म्हणाल्या, "नाकावर आलंय म्हणजे डोळा तपासायलाच हवा." मग त्या यंत्रावर हनुवटी टेकवून डोळ्यात प्रकाश टाकला. आतपर्यंत सूज गेली होती. डावा डोळा झाकून समोरची अक्षरं वाचायला सांगितली. मला पाटीच दिसेना. दुधानं भरलेल्या पेल्यातून बघावं तसं सगळं पांढरं.

"लहानपणी कांजिण्या झाल्या होत्या का?" त्यांनी विचारलं.

झाल्या होत्या की! अहमदपूरच्या घरात आईनं कडुलिंबाच्या पाल्यावर झोपवलं होतं, अजून तो वास आठवतो.

"तोच विषाणू. तेव्हापासून तुमच्या आतच झोपून होता. आता उठलाय."

मला काही कळेचना. मी म्हटलं, "पण मॅडम, मी एवढी काळजी घेते हो! पावडर घेते, गोळ्या घेते, मास्क अजून पर्समध्ये असतो." त्या हसल्या नाहीत, हे त्यांचे उपकार. म्हणाल्या, "त्यानं हे थांबलं नसतं. तुम्ही खूप दमला होता का गेल्या महिन्यात?" आणि मला त्या क्षणी रडूच फुटलं. दमला होता का, असं मला कितीतरी दिवसांत कुणी विचारलं नव्हतं. मी दाराला कडी-कोयंडे लावत बसले होते, आणि हा बाबा लहानपणापासून घराच्या माळ्यावरच झोपलेला!

"दिसेल ना मला?" मी विचारलं.

"आत्ता शब्द देत नाही. औषध लगेच सुरू करू. वेळेत आलात, हे चांगलं झालं."

"मी नाही आले," मी म्हटलं, "मला आणलं."

बाहेर बाकावर आक्का बसल्या होत्या, पदराआड ओठ हलत होते. बहुतेक माझ्यासाठीच देवाला कामाला लावलं होतं.

कोपऱ्यातला पलंग

मला ऍडमिट करून घेतलं. कोपऱ्यातला पलंग, कारण फोडांतलं पाणी लागून, ज्यांना कांजिण्या झालेल्या नाहीत त्यांना त्या होऊ शकतात. त्यामुळं माझ्याकडं सगळ्या सिस्टर येत नव्हत्या. रूपाली नावाची एकजण पहिल्याच दिवशी येऊन म्हणाली, "मला होऊन गेल्यात कांजिण्या, आता तुम्ही माझ्याच." एवढं बोलली आणि त्या कोपऱ्यात मला एकटं वाटायचं थांबलं.

दवाखान्यातला दिवस मोठा विचित्र. भल्या पहाटे उठवतात आणि मग दिवसभर काही नाही. सलाईन, डोळ्यात थेंब, पेज, पुन्हा थेंब. दुखणं मात्र असं, की वाऱ्यानं केस हलला तरी कपाळात वीज चमकायची. आणि मन एकाच जागी घोटाळायचं. थ्रेडिंग म्हणजे केसाएवढं काम. एका डोळ्यानं अंतर कळत नाही. मी बसल्या बसल्या डावा डोळा उघडा ठेवून सलाईनची नळी बोटानं धरायला बघायचे. बोट दर वेळी पुढं जायचं. वीस वर्षांची विद्या माझी, आता बोटाला नळी सापडेना.

एकदा रूपाली सिस्टर थेंब घालायला वाकली आणि माझ्या चांगल्या डोळ्याला तिच्या भुवया दिसल्या. एक वर, एक खाली! मी विचारलं, "सिस्टर, भुवया कोण करतं तुमच्या?" ती लाजली, "का हो, बिघडल्यात?" म्हटलं, "मी बरी झाले ना, की पहिलं तुम्हाला बसवते." ती म्हणाली, "बरं व्हा तर मग, माझं लग्न ठरतंय." त्या दिवशी मी पहिल्यांदा नीट जेवले.

मग भांडणाचा दिवस आला. वैशाली भेटायला आली ती मोठी पिशवी घेऊन, त्यात सगळे डबे. बिचारीला दुसरं काय आणावं ते सुचलं नसेल. बालाजी नाइट शिफ्ट करून थेट दवाखान्यात आलेले, डोळे लाल. पिशवी बघितली आणि त्यांचा भडका उडाला. "उचला ते आधी! किती दिवसांपासून सांगायलो मी हिला, पावडरी खाऊन काही होत नसतंय. डोळा जायलाय तिचा!" वैशाली तिथंच रडायला लागली. मी ओरडले, "तिनं नाही केलं हे! आजार पावडरीनं आला नाही आणि पावडरीनं जाणारही नाही." ओरडल्यावर कपाळ असं ठणकलं की मीही रडायला लागले. तिघंही रडतोय. सिस्टर येऊन म्हणाली, "एकएकानं रडा, वॉर्ड आहे."

वैशाली डोळे पुसून गेली. तिनं माझ्या पुढच्या बुकिंगच्या सगळ्या नवऱ्यामुलींना फोन केले, संत तुकाराम नगरमधल्या एका ओळखीच्या पार्लरवालीकडं त्यांची सोय लावली आणि स्वतः बरोबर गेली. मला हे नंतर कळलं. बालाजींनी तिला घरी बोलावून माफी मागितली, तेव्हा तिनं चहाला नको म्हटलं नाही. मैत्री टिकली आमची. मांडणी मात्र मी रिकामी केली, आता तिथं टॉवेल ठेवते.

आरशावर टॉवेल

घरी आले तेव्हा फोडांच्या खपल्या झाल्या होत्या. ऋतू दारात उभी होती. तिनं माझ्याकडं बघितलं आणि नजर खाली घातली. मग पुढचे कितीतरी दिवस ती माझ्याशी बोलायची ती भिंतीकडं बघून. तिला कांजिण्यांची लस दिलेली आहे, लागायची भीती नव्हती. बाथरूममध्ये गेले तर आरशावर टॉवेल लटकवलेला. मी समजले. मला दिसू नये म्हणून तिनं लावला होता. दुसऱ्यांची तोंडं उजळणारी मी, आणि माझ्या लेकीनं माझ्यासाठी आरसा झाकला. त्या वेळी फार लागलं ते. आज वाटतं, पोरगी भेदरली होती आणि तिला जे सुचलं ते तिनं मायेनंच केलं.

सासूबाई गावाकडनं रोज फोन करायच्या, "काय करायलीस? जेवलीस का? कुणाची दिष्ट लागली म्हणावं माझ्या सुनेला?" त्यांनी तिकडं बसून माझी मीठ-मोहरीनं दृष्ट काढली. म्हटलं काढा, तेवढंच.

आणि बालाजी. कंपनीत म्हणे त्यांचा हात एवढा नेमका की साहेब नवीन पोरांना त्यांच्याकडं शिकायला पाठवतात. पण माझ्या डोळ्यात थेंब घालायचा तर पहिला गालावर, दुसरा कानात! मी म्हणायचे, "अहो, कानानं बघू का आता?" हसू यायचं आणि हसलं की कपाळ दुखायचं. पण माणसानं एकही थेंब चुकवला नाही. शिफ्ट बदलून घेतल्या, ओव्हरटाइम सोडला. कधी तोंडानं बोलले नाहीत, पण थेंब घालून झाला की माझी पापणी बोटानं अलगद मिटायचे आणि हात तसाच ठेवायचे थोडा वेळ. त्यांच्या हाताला ऑइलचा वास असतो. तो वास आला की मला अजून बरं वाटतं.

दिसतो का?

आक्का रोज दुपारी जिना चढून वर यायच्या. पार्लर बंद, मग त्यांचा सोफा कुठला! माझ्यासमोर हातभर अंतरावर खुर्ची ओढून बसायच्या आणि म्हणायच्या, "झाक डावा डोळा. माजा केस दिसतो का बग."

"आक्का, तुमची हनुवटीच दिसंना."

"ऱ्हाऊ दे. उंद्या बगू."

रोज तेच. मग धूसरपणातून त्यांच्या साडीचा रंग कळायला लागला. मग तोंडाचा गोल. मग कपाळावरचं गोंदण. प्रत्येक वेळी त्या म्हणायच्या, "उंद्या बगू," जणू उद्याचं त्यांच्या हातात होतं.

एक दिवस मला फार कंटाळा आला होता. मॅडमनी तपासून सांगितलं होतं की सूज उतरतेय, पण कितपत दिसेल ते आत्ता नाही सांगता येणार. मी आक्कांना थाप मारली, "दिसला बरं का आक्का!"

"व्हय? कुठल्या अंगाला हाय?"

"डाव्या."

"खोटारडी! उजव्या अंगाला हाय तो." आणि एवढ्या हसल्या, एवढ्या हसल्या की त्यांनाच ठसका लागला. मग पाणी पिऊन शांत झाल्या आणि त्यांनी पहिल्यांदाच सांगितलं. त्यांच्या नणंदेच्या डोळ्यावर नागीण उठली होती, तिच्या लग्नाआधी. सासूबाईंनी लेप लावला, रेघ ओढली. नागीण उतरली, पण डोळा गेला. "सासू मरस्तवर त्या रेघंला रडली," आक्का म्हणाल्या. "तवापास्नं मानंच्या वर न्हाई. तुज्या पार्लरात गेरू बगितला आन् ती रेघच डोळ्याम्होरं आली."

मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं. पडले. त्यांनी डोक्यावर हात ठेवला, नेमका दुखऱ्या बाजूला! मी किंचाळले, त्या पुन्हा हसल्या.

मधेच दोन गोष्टी सांगून ठेवते, मग शेवटचं सांगते. एकाच बाजूला आग व्हायला लागली, पुरळ उठलं, तर घरचं काही लावत बसू नका. त्यातून डोळ्याजवळ असेल तर त्याच दिवशी डॉक्टरकडं जा, उद्यावर टाकू नका. मोठ्या वयाच्यांसाठी याची लसही असते, आपल्या डॉक्टरांना विचारून बघा. माझ्याकडं फेशियलला आलेल्या बाईच्या अर्ध्या कपाळावर मला काही दिसलं, तर मी तिला हात लावत नाही. रागावते, बोलते, पण पाठवते. माझ्या कपाळावर खुणा राहिल्या, त्यांच्यावर मी काही लावत नाही. संध्याकाळी उजव्या डोळ्यापुढं जरा धुकं येतं, आणि भुवईजवळ अजून कधीतरी मुंग्या येतात. येऊ देत.

पार्लर उघडलं

मॅडमनी कामाला परवानगी दिली, तरी दोरा हातात घ्यायचा धीर होत नव्हता. शटर वर केलं, झाडून घेतलं, अगरबत्ती लावली आणि नुसती उभी राहिले. पहिली बाई कोण येईल आणि तिची भुवई माझ्या हातून कशी होईल, याच विचारात.

आल्या त्या आक्का. सोफ्याकडं गेल्याच नाहीत. थेट माझ्या खुर्चीत बसल्या, आयुष्यात पहिल्यांदा. मान मागं टाकली. "हं, बग."

मी दिवा लावला. डावा डोळा हातानं झाकला. आधी सुरकुत्या दिसल्या. मग गोंदण. मग हनुवटी, आणि हनुवटीच्या उजव्या अंगाला तो, पांढरा, टोकाला थोडा वळलेला. आक्का श्वास घेत होत्या आणि तो जरासा हलत होता. हललेलासुद्धा दिसला मला.

"दिसतो का?"

मी बोट पुढं केलं आणि बरोबर त्याच्यावर टेकवलं. पहिल्या झटक्यात.

आक्कांच्या डोळ्यांच्या कडांतून पाणी कानाकडं ओघळलं. त्यांनी ते पुसलं नाही. म्हणाल्या, "काड मग आता. लई वर्सं मागं लागली हुतीस. काड एकदाचा."

मी दोरा दातात धरला. बोटांत पीळ घातला. वाकले. आणि पुन्हा सरळ उभी राहिले.

"नाही काढत."

"का गं?"

"राहू दे, आक्का. मला तो रोज बघायचाय."

आक्कांनी एक डोळा उघडून माझ्याकडं बघितलं. "मग हितं आडवं कशाला पाडलंय मला? चहा सांग."

मी चहा सांगितला. चहा यायच्या आत दारात रूपाली सिस्टर आली, लग्नाची पत्रिका घेऊन.